कुडाबाहेरचं रोप

कोंडाजीबाबांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझ्यावर ओरडण्यातून. केडगावात बिऱ्हाड करून आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. मी नगरच्या कचेरीत कारकून, रोज सायकलने जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. त्या दिवशी जवळची वाट म्हणून पुणे रस्ता सोडला आणि गुलाबाच्या एका मळ्याच्या कडेने सायकल हातात धरून निघालो, तर निवडुंगाच्या कुडामागून एक उंच, वाळका म्हातारा दोन्ही हात पसरून आडवा आला.

"थांबा! तिथंच थांबा! ते फूल कुठलं?"

माझ्या कोटाला कचेरीच्या बागेतला गुलाब लावलेला होता. शिपायाने हौसेने दिलेला. मी तसं सांगितलं.

"काढा ते. न्हाई, हितं टाकू नका. खिशात घाला आन् आल्या वाटंनं मागारी जा."

नव्या गावात पहिल्याच आठवड्यात भांडण नको म्हणून मी निमूटपणे मागे फिरलो, पण घरी जाऊन बायकोपाशी यथेच्छ चरफडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच म्हातारा दारात उभा. हातात पानाचा द्रोण, द्रोणात गुलकंद. वर न बघताच म्हणाला, "काल लई बोललो, भाऊसाहेब. राग धरू नका. मला आपलं भ्या वाटतं."

भीती कसली, हे मला पुढे दोन वर्षं दर रविवारी कळत गेलं. कोंडाजीबाबांना पानांवर पडणाऱ्या भुरीची भीती वाटे, तांबेऱ्याची वाटे, वाळवीची वाटे. पाऊस आला नाही तर वाटे आणि आला तर जास्तच वाटे. मार्गशीर्षात सकाळी धुई पडली की ते धोतराच्या सोग्याने एकेका झाडाची पानं टिपत बसलेले मी पाहिले आहेत. एकदा झाडं फुलांनी इतकी लगडली की पान दिसेना. मी म्हटलं, "बाबा, काय बहर आहे!" तर चेहरा आणखी उतरवून म्हणाले, "एवढी फुलं आली म्हंजी झाड घाबरलंय. कायतरी ठावं झालंय त्येला."

बाग कशी आहे असं कुणीही विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "आज तर बरं हाय." त्यातला 'आज' ते असा काही उच्चारत की ऐकणाऱ्याला उद्याची धास्ती पडावी. माझी बायको कमल त्यांच्या मागे त्यांची हुबेहूब नक्कल करी. आमटी कशी झाली म्हणून विचारलं की म्हणे, "आज तर बरी हाय."

त्यांच्या बागेत जायचं तर कुडाच्या तोंडाशी ठेवलेल्या घंगाळातल्या चुन्याच्या पाण्याने आधी हातपाय धुवावे लागत. छाटणीच्या दिवसांत बांधावर तीन दगडांची चूल पेटलेली आणि तिच्यावर एक काळं मडकं उकळत असे. एक झाड छाटून झालं की सुरी मडक्यात, मग राखेने घासायची, मग दुसरं झाड. चार वाफे छाटायला दुसऱ्याला दोन दिवस लागतील तिथे यांना आठ लागत. त्यांचा चुलतभाऊ धोंडिबा याचा मळा बांधाला बांध लागून होता. तो पलीकडून हसत ओरडे, "दादा, सुरी शिजली का? मीठ टाक!" पण नगरातल्या ज्या चार हौशी लोकांच्या बंगल्यांत गुलाब होते ते दसरा झाला की छाटणीला बोलावणं धाडत ते कोंडाजीबाबांनाच. हा माणूस रोग आणणार नाही, एवढी त्यांची ख्याती होती, आणि मला वाटतं आयुष्यात त्यांना मनातून अभिमान होता तो तेवढ्याच गोष्टीचा.

त्यांच्या बागेतल्या गुलाबाला केडगावात 'बंगल्याची' म्हणत. कोंडाजीबाबांचे वडील कुणा साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्यांनी एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणली, एवढाच तिचा इतिहास. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. दिसायला म्हणाल तर बेताची. फिकी गुलाबी, पाकळ्या सैल, सकाळी उमललेलं फूल दुपारी हात लावताच ओघळणारं. प्रदर्शनात कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण वास असा की हारवाले तिच्यासाठी पहाटे येऊन थांबत, आणि गुलकंद तिचाच व्हायचा.

आणि तिचा चिवटपणा! नगरच्या हवेत गुलाब लावणं म्हणजे आधीच दुखणं विकत घेणं. चैत्रात जमीन तापून पायाला चटके, खाली हातभर खणलं की चुनखडी, कोंडाजीबाबांच्या विहिरीचं पाणी मचूळ. आमच्या साहेबांनी लांबून मागवलेली किती तरी नामांकित झाडं एका उन्हाळ्यात पिवळी पडून गेलेली मी पाहिली. बंगल्याचीला यातलं काही बाधत नसे. थंडीत शेजारच्या तांबड्या गुलाबांवर पीठ सांडल्यागत भुरी धरे, पण हिची पानं स्वच्छ. एका दुष्काळात कोंडाजीबाबांनी वर्षभर तिला पाणी दिलं नव्हतं. पिण्यालाच नव्हतं तर झाडाला कुठलं? सगळी पानं झाडून नुसत्या काट्या उभ्या राहिल्या होत्या. "म्या मनात म्हनलं, संपलं," ते सांगत. "आन् एक सर पडली तर बुडातनं लालबुंद फूट! मला त्या दिशी रडू आलं बघा." दुसरे लोक रानगुलाबावर डोळा भरून कलमं करत. ही मात्र नुसती काडी खोचली तरी जगे, स्वतःच्या मुळांवर.

मी एकदा म्हटलं, "मग बाबा, हिची एवढी काळजी कशाला? हिला काहीच होत नाही."

त्यांनी एक पान उलटं करून बघितलं. मग म्हणाले, "भुरी न्हाई धरत, खरं हाय. तांबेरा न्हाई. पर मर हिला अजून कुनी दावलीच न्हाई, भाऊसाहेब. बघितल्याबिगर कसं सांगू?"

मर म्हणजे गुलाबाचा सगळ्यात वाईट रोग. छाटलेल्या टोकावर काळं धरतं आणि ते काळं दिवसादिवसाने फांदीतून खाली उतरत जातं. बुडाशी पोचलं की झाड गेलं. कोंडाजीबाबांनी तरुणपणी कुठल्याशा बागेत तिने शंभर झाडं गेलेली पाहिली होती. त्यांच्या साऱ्या मडक्यांच्या, चुन्याच्या आणि ओरडण्याच्या मुळाशी ते दृश्य होतं. म्हणूनच त्यांची एक मोडता न येणारी रीत होती. बाहेरून आलेलं कुठलंही रोप, मग ते कुणी का दिलेलं असेना, चार महिने कुडाबाहेर बाभळीखाली ठेवायचं. चार महिन्यांत काळं दिसलं नाही तर आत घ्यायचं. आपल्या सख्ख्या मेव्हण्याने आणलेलं रोपही त्यांनी असंच बाहेर ठेवलं होतं आणि त्या पायी मेव्हणा वर्षभर रुसला होता.

आमची मुलगी झाली ती ज्येष्ठात. कमलचं माहेर लांब, माझी आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बाळंतपण केडगावातच करायचं ठरलं. करायचं कुणी? तर कोंडाजीबाबांच्या बायकोने, सारजाबाईंनी. मी त्यांना मावशी म्हणे. त्या कुणाच्या सांगण्याची वाट न बघता पदर खोचून घरात शिरल्या आणि मला ओट्यावर हाकलून दिलं. ओट्यावर कोंडाजीबाबा आधीच येऊन बसलेले. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही दोघे समोरासमोर बसलो होतो. आतून कण्हणं ऐकू आलं की माझ्याआधी त्यांचाच चेहरा पांढरा पडे. मी त्यांना धीर देत होतो, म्हणजे बघा! अखेर आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मावशींनी दार किलकिलं करून "लेक हाय, दोघी बऱ्या हाईत," म्हणून सांगितलं. बाबांनी पटका काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आज तर बरं हाय." आम्ही दोघेही वेड्यासारखे हसलो.

मावशींनी चाळीस दिवस कमलचं आणि मुलीचं सगळं केलं. काही देऊ केलं तर हात मागे घेत. म्हणून श्रावणात कचेरीच्या कामाने पुण्याला गेलो तेव्हा मनात आलं, की बाबांना आवडेल असं काही न्यावं. एका रोपवाल्याकडे पिवळ्या गुलाबाचं कलम दिसलं. तेव्हा पिवळा गुलाब आमच्याकडे कुणी पाहिलेला नव्हता. ओल्या गोणपाटात बांधून ते रोप मी मांडीवर घेऊन आणलं, बाळ आणावं तसं. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

कोंडाजीबाबांनी ते रोप हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं, पानं उलटी केली. एका फांदीचं टोक बोटाच्या पेराएवढं काळं होतं. तिथे त्यांचा अंगठा थोडा वेळ थांबला. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"पिवळा म्हंजी नवालच," ते म्हणाले. "लई चांगलं आनलं, भाऊसाहेब." आणि काळं टोक खुडून चुलीत टाकून त्यांनी रोप एका डब्यात लावलं, डबा बाभळीखाली ठेवला.

पहिला रविवार गेला, दुसरा गेला. दर वेळी मी उत्साहाने जाई आणि माझं रोप आपलं बाहेर, शेळ्यांच्या वाटेवर. रीत मला माहीत होती. तरी मनाला कुठेतरी लागलंच. आपण एवढ्या लांबून, मांडीवर घेऊन आणलेलं. भाद्रपदात एका रविवारी कमल मुलीला घेऊन बरोबर आली होती. मी हसत हसत म्हटलं, "काय बाबा, आमचं रोप अजून वेशीबाहेरच? आमच्या हातून काही चुकलं का?"

"तसं न्हाई, भाऊसाहेब. रीत हाय."

"रीत परक्यांसाठी असते," मी म्हणालो.

आज ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते. बाबांनी मुलीच्या पावलाला बोट लावलं आणि चूल फुंकायला गेले. पुढच्या रविवारी गेलो तर डबा बाभळीखाली नव्हता. पिवळं रोप आत, पाटाच्या कडेला, सगळ्यात चांगल्या जागी लावलेलं होतं. मी खूश झालो. मावशी मात्र माझ्या हातात पाण्याचा तांब्या देताना म्हणाल्या, "दोन रातीत डोळ्याला डोळा न्हाई लागला ह्यांचा." मी ते थट्टेवारी नेलं. कोंडाजीबाबांना झोप न येणं ही काही नवी बातमी नव्हती.

दसरा झाला. पाणी तोडलं, मुळं उघडी करून त्यांना ऊन दाखवलं, आणि छाटणी सुरू झाली. त्या वर्षी मी मुद्दाम आठ दिवस रजा घेऊन बांधावर बसलो होतो, म्हणून शपथेवर सांगू शकतो: सुरी दर झाडागणिक उकळली गेली. पिवळ्या रोपाला बाबांनी सगळ्यात शेवटी हात लावला आणि नंतर ती सुरी मडक्यात टाकून घटकाभर बाहेर काढली नाही. पण छाटणी होऊन चारच दिवस झाले आणि आभाळ भरून आलं. तीन दिवस अवकाळी भुरभुर लागली. सगळ्या बागेतल्या ताज्या जखमांवर ते पाणी इकडून तिकडे उडत राहिलं. बाबा डोक्यावर पोतं घेऊन त्या पावसात फिरत होते आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला एका रविवारी त्यांनी मला हाक न मारता नुसती खूण केली. पिवळ्या रोपाशेजारच्या बंगल्याचीच्या छाटलेल्या टोकावर काळं होतं. एक बोट.

पुढच्या रविवारी ते दोन बोटं झालं होतं आणि शेजारच्या सात झाडांवर एकेक बोट. मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायचा तर तेव्हा महायुद्ध चालू, बाजारात मोरचूद मिळेना. मी नगरच्या बाजारात दुकानामागून दुकानं पालथी घातली आणि कागदाच्या पुडीत मूठभर घेऊन आलो. काळ्याच्या खाली कापायचं, लेप लावायचा, आणि आठ दिवसांनी पुन्हा काळं. मला कचेरीत काम सुचेना. बाबा झाडापाशी बसून काळं किती उतरलं ते बोटांनी मोजत. बोटाची वीत झाली तेव्हा एकदाच म्हणाले, "आता बघायचं. ही तग धरती का जीव सोडती."

तोवर बांधापलीकडे धोंडिबाच्या मळ्यातही काळं दिसलं. त्याने दोन वर्षांपूर्वी सारी हौस ओतून तांबड्या गुलाबाची कलमं लावली होती, रानगुलाबावर भरलेली. ती भराभर चालली. एके दिवशी तो एक काळी फांदी हातात घेऊन बांध ओलांडून आला. मी तिथेच होतो.

"दादा, हे आलं कुठनं?" त्याने विचारलं. "माझ्या बापजन्मात ह्या शिवारात मर नव्हती. कुनाचं रोप घेतलं तू आत?"

पिवळं रोप केव्हाच मेलं होतं आणि बाबांनी ते उपटून जाळलं होतं. त्या जागेवर नुसती माती होती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोप न्हाई. सुरी माझी. बंगल्यावरची छाटनी करून आलो आन् धुवायची राह्यली."

"तुझी सुरी?" धोंडिबाचा विश्वास बसेना. "तू सुरी धुवायचा राह्यलास?"

"व्हय. म्हातारा झालो."

धोंडिबा त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. त्याने ती फांदी बाबांच्या पायाशी टाकली आणि निघून गेला. मी गप्प बसलो, हे मला इथे स्वच्छ लिहायचं आहे. मला अडवलं कुणी नव्हतं.

माघात बाबांनी चारही वाफे जमिनीपर्यंत कापले आणि सगळं जाळलं. वडिलांनी फडक्यात आणलेल्या फांदीपासूनची सगळी वंशावळ त्या जाळात गेली. काळ्या बुडख्यांचं ते रान बघवत नव्हतं. मावशी रोज तिथे जाऊन उगाच माती चाचपून येत. फाल्गुनात काही नाही, चैत्रात काही नाही. वैशाखात एक दिवस मावशीच धावत आमच्या दारी आल्या. बंगल्याची बुडातून फुटली होती! सगळी नाही, चार वाफ्यांतली एका वाफ्याएवढीच, पण स्वतःच्या मुळांवरची म्हणून जमिनीखाली जिवंत राहिलेली. धोंडिबाच्या कलमांचं मात्र वरचं सगळं गेलं होतं. खालून फुटला तो नुसता रानगुलाब.

मी बाबांना म्हटलं, "जिंकली की नाही तुमची बंगल्याची?" ते म्हणाले, "आज तर बरं हाय." पण या वेळी 'आज' वर जोर नव्हता. आवाजातच जोर नव्हता.

कारण बोलणं पसरलं होतं. धोंडिबाने बाजारात सांगितलं, हारवाल्यांनी नगरात नेलं. दसरा झाला, कार्तिक लागला आणि छाटणीचं एकही बोलावणं आलं नाही. बाबांनी नेहमीप्रमाणे सुरी परजून ठेवली होती. मी कचेरीतून येताना पाही तर ते ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलेले. आमच्या साहेबांनीदेखील दुसरा माळी बोलावला. माझ्यासमोर म्हणाले, "तो केडगावचा म्हातारा आता हलगर्जी झालाय म्हणे." मी "हो का?" म्हणालो.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही असं का सांगितलंत? मी उद्या जाऊन धोंडिबाला खरं सांगतो."

"पानी कुठलं प्याल?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. आम्ही पिण्याचं पाणी आणत होतो ते धोंडिबाच्या विहिरीवरून. आसपास गोडं पाणी तेवढंच.

"बाळ ल्हान हाय तुमचं. त्येचा राग तुमाला ठावा न्हाई. मला तो काय करनार, भाऊ हाय मी त्येचा." मग थांबून म्हणाले, "आन् खरं सांगू का? रोप तुमी आनलं, पर कुडाच्या आत म्या घेतलं. काळं म्या बघितलं हुतं, भाऊसाहेब. तुमाला काय ठावं हुतं? मला ठावं आसून भिडंपायी म्या आत घेतलं. मग माझंच न्हाई का?"

"पण सुरी तर स्वच्छ होती!"

"सुरी काय," ते म्हणाले. "लोकांला कायतरी सांगावं लागतं."

कमल मला रोज म्हणे, "सांगून टाका. पाण्याचं बघू काहीतरी." मी म्हणे, पुढच्या रविवारी. असे किती रविवार गेले, ते मोजण्याचं धाडस मी करत नाही. धोंडिबा वाटेत भेटला की मी सायकल जोरात मारी. पाण्याचा प्रत्येक हंडा घरात आला की माझी नजर खाली जाई. आणि कोंडाजीबाबा मात्र दर रविवारी मला पूर्वीसारखंच हातपाय धुवायला लावून आत नेत, पानं दाखवत. त्यांनी एका शब्दाने, एका नजरेने मला कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी माझी पारनेरला बदली झाली. निघण्याच्या दिवशी बाबा पाच काड्या घेऊन आले, ओल्या फडक्यात बांधलेल्या. "मुरमाड जमिनीत बी येती ही. फकस्त एक करा. चार म्हैने घरापासनं लांब ठिवा. माझ्याकडची हाय म्हनून लगीच दुसऱ्या झाडापाशी लावू नका." मी म्हटलं, "बाबा, तुमच्या झाडांना आता काही नाही." त्यांनी मान हलवली. "काय सांगावं?" ते म्हणाले. मुलीने त्यांच्या मिशीला हात लावला तेव्हा हसले, पण ते हसणं टिकलं नाही.

पाचही काड्या पारनेरात जगल्या. पाऊस नावाला, जमीन म्हणजे नुसता मुरूम, तरी दुसऱ्या वर्षी हातभर फांद्यांना फुलं आली. भुरी नाही, तांबेरा नाही. शेजारच्या मास्तरांनी, पोस्टातल्या मंडळींनी फांद्या मागून नेल्या. प्रत्येकाला मी सांगे, 'केडगावच्या कोंडाजीबाबांची आहे.' मर रोगाची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, आठवडेबाजारात केडगावचा एक माणूस भेटला. त्याने सांगितलं, कोंडाजीबाबा गेले, महिना होत आला. दोन दिवसांचा ताप. मी तसाच बाजारात उभा राहिलो. मग घरी आलो आणि कमलला म्हटलं, "आता तरी जाऊन सांगतो."

मी केडगावात पोचलो तेव्हा सकाळची उन्हं ओट्यावर आली होती. मावशी बसल्या होत्या आणि पायरीवर धोंडिबा. त्याचे केस आता सगळे पिकले होते. त्याच्या मांडीशी एक सुरी होती आणि बांधावर, मला तिथून दिसत होतं, तीन दगडांची चूल पेटवून कुणीतरी मडकं ठेवलं होतं.

मावशी म्हणाल्या, "छाटनीचे दिस हाईत. भावजी म्हनले, म्या करतो दादाची झाडं, दादा करायचा तशीच." त्यांच्या आवाजात किती दिवसांनी थोडा ओलावा आला असावा. मी ते ऐकलं, आणि तरी थांबलो नाही. एवढी वर्षं घशात अडकलेलं ते एका दमात बाहेर आलं. पुण्याचं रोप, काळं टोक, रीत परक्यांसाठी असते हे माझं बोलणं, उकळलेली सुरी, धोंडिबा आला तेव्हाचं माझं गप्प बसणं. सगळं.

धोंडिबा ओरडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "म्या चार गावांत सांगितलं. दादाची सुरी घान हाय म्हनून. बाजारात उभं ऱ्हाऊन सांगितलं." त्याने सुरी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि ती हळूच ओट्यावर ठेवली. "वैनी, माझ्यानं न्हाई व्हायचं आज. कोन्या तोंडानं त्येच्या झाडाला हात लावू?" आणि तो उठून, बांधाकडे न बघता, रस्त्याने निघून गेला.

मावशी मडक्यातली वाफ बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, मला क्षमा करा. मला हे फार आधी सांगायला हवं होतं."

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पहिल्याच दिशी सांगितलं हुतं. आन् मागनं म्हनलं हुतं, धोंडिबाला कळू देऊ नगंस. त्येनं बाजारात बोलून टाकलंय, कळलं तर जन्मभर त्येला खाईल ते." त्यांनी पदराने डोळे पुसले, रागाने नव्हे, सवयीने. "तुमी आलात, बोललात, मोकळं झालात, भाऊसाहेब. आता भावजींनी कुनापुढं मोकळं व्हायचं?"

मी मोकळा झालो नव्हतो. पण ते त्यांना सांगण्याइतकंही तोंड मला उरलं नव्हतं.